निऱ्यांमधलं रान

साळनूरमध्ये माणूस गेला की तिसऱ्या दिवशी घरच्यांना दोन गोष्टी गोळा कराव्या लागत. स्मशानातून अस्थी आणि त्याच्या खोलीतून फिल्टर. अस्थी त्याच संध्याकाळी पंचगंगेत जात. फिल्टर पत्र्याच्या डब्यात, झाकणाला मेण लावून, वर्षश्राद्धापर्यंत थांबे. अस्थी उचलताना रडणारे पुष्कळ असत. फिल्टर उतरवताना मात्र कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसत नसे. जो तो मनातल्या मनात शेवटच्या महिन्याची उजळणी करत उभा असे : या खोलीत आपण किती वेळा आलो, आणि आलो तेव्हा काय बोललो.

कारण वर्षश्राद्धाला तो फिल्टर वाचला जाई.

धुळीचा पट्टा दख्खनवर उतरून मुक्कामाला राहिला, त्याला आता चाळीस वर्षं झाली होती. वर्षातले नऊ महिने आकाश विटकरी असे. खिडक्या फक्त भिंतीला शोभा म्हणून उरल्या होत्या. प्रत्येक खोलीच्या भिंतीत एक चौकट बसवलेली, तिच्यामागे पंखा, आणि खोलीतली हवा दिवसरात्र त्या चौकटीतून गाळून परत खोलीत. बाहेर जायचं तर तोंडाला मुखपट्टी. जुन्या यंत्रमागांच्या शेडमध्ये फिल्टरचे कारखाने आले आणि साळनूरच्या बायका कापडाऐवजी हवा सांभाळू लागल्या.

अक्षता बुगड त्यांतलीच. वय सत्तावन्न, कारखान्यात एकतीस वर्षं, हुद्दा मुख्य घडी-तपासनीस. गावात तिची ओळख वेगळीच होती. कुणाच्याही घरी गेली की पाणी प्यायच्या आधी भिंतीतल्या चौकटीकडे बघायची आणि विचारायची, "धुतलाय व्हय गं?" साळनूरच्या काटकसरी बायका दिवाळीच्या साफसफाईत फिल्टर नळाखाली धरत, झटकत, उन्हात वाळत घालत आणि पांढराशुभ्र झाला म्हणून खूश होत. अक्षता कपाळावर हात मारायची. "अगं, लुगडं न्हवं ते! पाणी लागलं की आतला कागद मेला. आता भिंतीत भोक पाडून बसलीस तरी तेवढंच."

पण गंमत अशी, की लुगड्याची भाषा तिनंच आणलेली. फिल्टरमधल्या घड्यांना कारखान्यात 'निऱ्या' म्हणायचे, तिनं रुजवलं म्हणून.

पुण्याहून डॉ. ईरा सबनीस पहिल्यांदा आली तेव्हा तिला तेच ऐकायला मिळालं. चौतिशीची पोरगी, चष्मा नाकावर घसरलेला, हातात वही. अक्षतानं तिला काचतंतूंच्या कुंडापाशी नेलं.

"ही काच. वितळवून ओढायची. एक केस उभा चिरून शंभर भाग केलेत असं समजा, तेवढी एक तार. मग ह्या तारा पाण्यात कालवायच्या आणि जाळीवर ओतायच्या. पाणी खाली जातं, वर राहतो तो कागद."

"विणत नाही?"

"न्हाई. आमच्या अण्णांचा त्यावरच राग. वडील माझे, चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस. हा कागद भिंगाखाली दाखवला तर म्हणाले, हे काय कापड आहे? ना उभा धागा ना आडवा, सगळे दारू पिऊन पडल्यासारखे पडलेत."

ईरा हसली. पुढे अक्षतानं तिला घडीचं टेबल दाखवलं. दोन हातांत मावेल अशा चौकटीत एका अख्ख्या नऊवारीएवढा कागद बसवायचा, तर निऱ्या घालण्यावाचून इलाज नाही. निरी निरीला चिकटली की हवा जायला वाट राहत नाही, म्हणून दोघींच्या मध्ये नागमोडी पन्नी. मग चारही कडा चिकट रसात बुडवायच्या. रस घट्ट झाला की कडेनं वाऱ्यालाही चोरवाट नाही. शेवटी एका बाजूनं तेलाचं धुकं सोडायचं आणि दुसऱ्या बाजूनं मोजणीची नळी बोटाबोटानं फिरवायची. टाचणीएवढं भोक असलं तरी काटा उडतो.

"एवढी बारीक चाळणी," ईराची परीक्षा घ्यावी म्हणून अक्षता म्हणाली.

"चाळणी नाहीच ही," ईरा म्हणाली, आणि आता शिकवायची पाळी तिची होती. "तुमच्या कागदात दर शंभर भागांत नव्वदच्या वर भाग नुसता रिकामा आहे. भोकं धुळीपेक्षा मोठी आहेत."

"मग धूळ अडकते कशी?"

"लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे आणा. खांबच खांब आहेत आणि माणसं मधून चाललीयत. लठ्ठ माणूस जोरात येतो, त्याला ऐनवेळी वळता येत नाही, तो खांबावर आदळतो. मधला माणूस वळतो, पण त्याचा खांदा घासतो. आणि बारकी पोरं? ती सरळ चालतच नाहीत. उगाच इकडेतिकडे पळतात, मग कधीतरी कुठल्यातरी खांबाला धडकतातच. हवेतल्या अगदी बारीक कणांना हवाच अशी ढकलत राहते. खांब सगळे चिकट आहेत असं समजा. लागला तो राहिला."

"मग सुटतं कोण?"

"जो फार जडही नाही आणि फार हलकाही नाही. वळायचं तेवढं वळतो, आणि भरकटत नाही. तसले दहा हजारांत तीन सुटतात."

अक्षतानं तीस वर्षं तो आकडा खोक्यावर छापलेला बघितला होता. तो एवढा जिवंत असेल असं तिला वाटलं नव्हतं. "ते तिघं जातात कुठं?"

"आपल्या छातीत," ईरा म्हणाली.

मग तिनं जे दाखवलं त्यासाठी ती पुण्याहून आली होती. वापरलेल्या फिल्टरची एक निरी तिनं मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि पडद्यावर रान उभं राहिलं.

काचेच्या तारा आडव्यातिडव्या पसरलेल्या, ओंडक्यांसारख्या. प्रत्येक तारेवर झाडं. पहिला कण तारेवर बसतो, दुसरा त्या कणाला अडकतो, तिसरा दुसऱ्याला, आणि धुळीला फांद्या फुटतात. ईरा त्यांना धूळझाडं म्हणायची. बुंध्याशी जुनं, शेंड्याला नवं. घरात जे ज्या क्रमानं घडलं, ते त्या क्रमानं झाडावर चढलेलं. हा पिवळट दाणा म्हणजे हळदीची फोडणी. हा चपटा तुकडा कातडीचा. आणि हे वाळलेले गोल थेंब श्वासाचे. थेंबात तोंडातल्या पेशी, म्हणजे माणूस कोण ते कळतं. गप्प बसलेल्या माणसाच्या श्वासात थेंब थोडे, बोलणाऱ्याच्या कितीतरी पट, आणि रडणाऱ्याच्या थेंबात मीठ निराळं. भ्यालेल्याच्या घामाचीही खूण वेगळी. एकेक झाड शेंड्यापासून मुळापर्यंत यंत्रानं उतरवत गेलं, की त्या खोलीतली दुपार न् दुपार परत मांडता येते, पाव तासाच्या हिशेबानं. यालाच पुढे श्वासवाचन म्हणू लागले.

अक्षता पडद्यापुढे उभीच राहिली. एकतीस वर्षं तिनं हे रान खोक्यात भरून भट्टीत जाळायला पाठवलं होतं. "एवढं सगळं," ती हळूच म्हणाली, "आणि आम्ही त्याला मळ म्हणत होतो."

अडचण एकच होती. ईराच्या हाताखाली निरी उलगडताना झाडं कोसळत. दातेरी चिमटे झाले, यंत्राचे हात झाले, जमेना. अक्षतानं ते दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी तिनं ईराबाईंना बाजूला सरकवलं, पन्नी तिरकी करून काढली आणि निरी अशी सोडली, जसं नव्या नवरीच्या अंगावरचं लुगडं आईनं सोडावं. एक झाड हललं नाही. तेव्हापासून साळनूरचा प्रत्येक फिल्टर उलगडायला तिचेच हात लागत. पहिली चाळीस वाचनं तरीही वाया गेली, ती दुसऱ्याच कारणानं. लोकांनी मयताच्या खोलीत इतक्या उदबत्त्या आणि कापूर जाळला होता, की मेलेल्या माणसाऐवजी उदबत्तीच बोलत होती. मग गावानं नियम केला : फिल्टर उतरेपर्यंत धूप नाही. देवाधर्माच्या बाबतीत साळनूरनं एवढ्या पटकन कधीच कुणाचं ऐकलं नव्हतं.

पुढे अक्षताचे अण्णाच गेले. विलास बुगड, वय शहाऐंशी, तिच्याच घरी, मागच्या खोलीत. ही हकिगत गावात ज्याला त्याला पाठ होती, कारण अक्षतानं ती जमेल त्याला सांगितली होती : दुपारची वेळ, तिनं चमच्यानं पाणी पाजलं, अण्णांनी तेजसचं नाव घेतलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेले. तेजस तिचा धाकटा भाऊ, सुरतेला एका मोठ्या कापड गिरणीत देखरेखीला. त्याला यायला दुसरा दिवस उजाडला. "तुझं नाव घेतलं बघ," हे ऐकून तो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. तिसऱ्या दिवशी फिल्टरचा डबा मात्र त्यानं आपल्याबरोबर सुरतेला नेला.

खरं एवढंच होतं, की अण्णा गेले तेव्हा अक्षता घरात नव्हती.

त्या दुपारी कारखान्यात नवं घडीयंत्र सुरू होणार होतं. माणसाच्या हाताशिवाय निऱ्या घालणारं. अकरा दिवस तिनं अण्णांचं उशापायथ्याचं केलं होतं. बाराव्या दिवशी तिला राहवलं नाही. त्या यंत्राची निरी कशी पडते ते तिला बघायचंच होतं. अर्धा तास म्हणून अडीचला गेली. यंत्राची अकरावी निरी वाकडी पडली, बायांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी चहा केला. अक्षतानं तो दोनदा घेतला. त्या दुसऱ्या चहाची चव तिला अजून आठवत होती. पावणेपाचला ती हसत घरात आली, तर अण्णांचा हात गार होता. कानात कापसाच्या बोंडासारखा छोटा फोन होता. जुनी गाणी ऐकत असतील म्हणून तिनं तो काढून खिडकीत ठेवला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तेजस डबा घेऊन आला. मेण शाबूत होतं.

"आक्का, उद्या तूच उलगड," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या हातात न्हाई द्यायचा."

"आणि नाहीच वाचला तर?" अक्षता पोळ्या लाटत म्हणाली. "अण्णांना असलं काय आवडायचं न्हाई. त्यांच्या दृष्टीनं ते कापडसुद्धा न्हवतं."

"तू म्हणतीयास हे? अख्ख्या गावाचं वाचून झालंय तुझं." तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यात राहिलं. "मला वाचायचंय, आक्का. तेवढं नको म्हणू नकोस."

तिच्या मनात आलं, रात्रीतून धुऊन टाकावा. मग तिचं तिलाच हसू आलं. साळनूरमधली कुठलीही बाई म्हणाली असती की बाई, चुकून धुतला, तर गावानं मान डोलावली असती. अक्षता बुगडनं फिल्टर धुतला, यावर मात्र कुत्र्यानंही विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत तिनं मेण खरवडलं. तेजस काचेपलीकडे बसला होता. ईरा यंत्रापाशी. निऱ्या मोजून छत्तीस. शेवटचे दिवस मधल्या निऱ्यांवर जास्त चढतात, कारण वारा मधून जोरात येतो, हे आता तिला पाठ होतं. तिनं पहिली पन्नी तिरकी केली. मनगटाला एक हिसका, बस्स. शिंकेएवढा. रान कोसळलं असतं आणि वयानं हात थरथरला, एवढंच सगळ्यांनी म्हटलं असतं.

ती पडद्याकडे न बघता हे करणार होती. पण नजर गेली.

असं रान तिनं कधी पाहिलं नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाच्या शेवटच्या बारा दिवसांच्या श्वासाचं. फांदीवर फांदी, फांदीच्या टोकाला पुन्हा फांदी, आणि थेंबांवर उजेड पडून ते दंवासारखे चमकत होते. त्यांत तिनं केलेल्या लसणीच्या फोडणीचे दाणे होते. त्यांत ती होती. सगळीकडे ती होती, अकरा दिवस, तासातासाला. मग शेंड्याजवळ ती नव्हती, आणि झाड तिच्याशिवाय तसंच शांतपणे वाढत गेलं होतं.

तिच्या हातानं तिचं ऐकलं नाही. निरी लुगड्यासारखी सुटली. एक कण पडला नाही.

वाचन दुपारपर्यंत चाललं. मग ईरानं तेजसला चहाला पाठवलं आणि अक्षताला आत बोलावलं.

"अडीचनंतर पावणेपाचपर्यंत खोलीत एकच माणूस आहे, अक्षताताई."

"व्हय."

"चारच्या सुमाराला ते गेले. पण त्याआधी..." ईरानं पडद्यावर बोट ठेवलं. "तीनच्या थोडं पुढे थेंब एकदम वाढतात. जवळजवळ चाळीस मिनिटं. ते बोलत होते."

अक्षताला स्टूल पुढे ओढावं लागलं. "कुणाशी?"

"खोलीत कुणी नाही."

"भ्यालेले होते?"

"नाही. ती खूण कुठेच नाही. रडलेही नाहीत. नुसते बोलत होते."

"मग काय बोलले ते सांगा की!"

"ते नाही सांगता येत." ईराचा आवाजच पडला. "शब्द म्हणजे हवेची थरथर. त्याला वजन नसतं. थुंकीचा थेंब तारेला अडकतो, शब्द पुढे निघून जातो."

"दहा हजारांत तीन तरी?"

"एकही नाही."

मग ईरा खाली बघत म्हणाली, "अहवालात मी लिहू शकते, की उदबत्तीचा थर आहे, शेवटचा दिवस वाचता आला नाही. कुणी तपासणार नाही."

अक्षतानं तिच्याकडे बघितलं. ही पोरगी खोटं बोलायला तयार झाली होती, तेही शास्त्राच्या वहीत, आणि तिचे कान लाल झाले होते. "नको," अक्षता म्हणाली. "उदबत्तीवर बालंट कशाला. मीच सांगते त्याला."

पण घरी सांगायचं तिच्या जिवावर आलं. खोलीखोलीत चौकटी होत्या. आपण जे बोलू, रडू, ते आज ना उद्या कुणीतरी निरी सोडून बघणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं तेजसला गच्चीवर नेलं. संध्याकाळ विटकरी होती. शेजारची गच्चीसुद्धा पुसट दिसत होती. वर येताच तिनं मुखपट्टी काढली.

"आक्का, अगं!"

"पट्टीलापण कागद असतो," ती म्हणाली. "तू पण काढ."

त्यानं काढली. पहिल्याच श्वासाला दोघांना ठसका लागला. मग तिनं सांगितलं. यंत्र, अकरावी निरी, दुसरा चहा. "मी न्हवते, तेजा. तुझं नावबिव काही माझ्यापुढे घेतलं न्हाई. मीच बनवलं."

तेजस कठड्याला टेकून खाली बघत होता. "मला म्हाईत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू न्हवतीस ते. अण्णांनी मलाच फोन लावलेला. तीन वाजता. आक्का गेलीय कारखान्यात म्हणाले, जाऊ दे, लई दिवस अडकलीय माझ्यापाशी."

अक्षतानं तोंडावर हात ठेवला. कानातलं ते बोंड तिला आठवलं.

"तू वर्षभर गप्प बसलास?"

"तू माझ्यासाठी एवढं बनवलंस, ते मी कशाला मोडू?" तो खोकला, पुन्हा बोलला. "आणि माझं तरी कुठं धड होतं? मी गिरणीत होतो. मागांचा आवाज, माणसं हाका मारतायत. पाच मिनिटं हं हं केलं. अण्णा थांबेनात. मग कानातलं काढून टेबलावर ठेवलं. म्हटलं, बोलू देत म्हाताऱ्याला, बरं वाटतंय. परत कानाला लावलं तवा पलीकडं आवाज न्हवता. मला वाटलं, लाइन तुटली."

खाली कुठेतरी शिट्टी झाली, पाळी बदलली.

"म्हणून वाचायचं होतं व्हय रे?"

"मला वाटलं, यंत्र सांगेल काय म्हणाले ते." त्याचा चेहरा धुळीनं आणि पाण्यानं चिखलासारखा झाला होता. "आणि तू म्हणाली होतीस ना, माझं नाव घेतलं... मला वाटायचं, तू न्हवतीस ते खरं, पण मी फोन ठेवल्यावर घेतलंपण असेल."

ती त्याच्याजवळ गेली. दोघं बराच वेळ तिथे होती. त्यानंतर ती दोघं काय बोलली ते कुठेच नोंदलेलं नाही. तो वारा पूर्वेकडे निघून गेला.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. पण गच्चीवर मुखपट्टी न लावता उभी असलेली दोन माणसं साळनूरमध्ये लपत नाहीत. आठवड्याभरात शेजारच्या गच्चीवर एक नवराबायको दिसली. मग पलीकडे सासूसून. कुणी कुणाला कारण विचारलं नाही. ज्यानं त्यानं आपापलं ओळखलं.

दीड वर्षानं ईरा गोंधळलेल्या चेहऱ्यानं अक्षताकडे आली. तिच्या हातात नव्या फिल्टरांची चित्रं होती. तारांवर झाडं खुरटी, फांद्या नाहीत, सगळे कण सारखे. "हे बघा. चौदा घरं. थेंब अगदी थोडे. हसणं नाही, भांडण नाही, रडणं नाही. मयताच्या खोलीतसुद्धा नाही. या घरांत माणसं फक्त झोपतात, अक्षताताई. आणि दवाखान्याचे आकडे तुम्हाला माहीत आहेत? छातीचे आजारी दुप्पट झालेत. फिल्टर तर सगळे उत्तम चाललेत. मग चुकतंय कुठे?"

"निरीत काय चूक न्हाई," अक्षता म्हणाली. तिला आताशा जिना चढताना दम लागायचा. तरी ती उठली आणि ईराला वर घेऊन गेली.

सूर्य मावळायला अवकाश होता. विटकरी धुक्यात एकामागून एक गच्च्या दिसत होत्या, नजर पोचेल तिथवर, आणि प्रत्येक गच्चीवर माणसं होती. दोन दोन, तीन तीन. उघड्या तोंडांची. कुणी हातवारे करत होतं, कुणी कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं, एक म्हातारा एकटाच मोठमोठ्यानं कुणालातरी शिव्या देत होता. सगळं साळनूर खोकत होतं आणि बोलत होतं.

ईरा कितीतरी वेळ बघत राहिली. "काय बोलत असतील?"

"ते कळलं असतं, तर वर कशाला आले असते?"

ईरानं चष्मा पुसला. तो लगेच पुन्हा धुळीनं भरला. मग तिचा हात आपोआप कानामागे गेला, मुखपट्टीच्या दोरीकडे, आणि तिथेच थांबला. किती कण, किती छातीत, हे तिच्याइतकं नेमकं त्या गावात कुणाला सांगता आलं नसतं.

अक्षता कठड्याला टेकून दुसरीकडे बघू लागली.

"काढायची तर काढा, बाई," ती म्हणाली. "मी ऐकतेय."